तळ्याकाठचा उन्हाळी मुक्काम: तंबू ठोकावेत की खोल्या घ्याव्यात?

कॉलेजातले जुने मित्र-मैत्रिणी, त्यांचे जोडीदार, कोणाची तीन वर्षांची मुलगी, कोणाचे पंचाहत्तरी ओलांडलेले वडील असा दहा-बारा जणांचा घोळका उन्हाळ्यात तळ्याकाठी दोन रात्री राहायचे ठरवतो, तेव्हा तारखा जुळल्यानंतरचा पहिला वाद ठरलेला असतो. एक गट स्वतःचे तंबू न्यायचा आग्रह धरतो, तर दुसऱ्या गटाला काठावरच्या तयार खोल्या हव्या असतात. हा वाद बहुधा हौस विरुद्ध आराम असा मांडला जातो, आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. दिवसा दोन्ही पर्यायांत फारसा फरक नसतो. पोहणे, होडी वल्हवणे, झाडाखाली पाय पसरून गप्पा मारणे हे सारे दोन्हीकडे सारखेच. खरा फरक रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत पडतो, आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

आधी ज्येष्ठांचे पाहू. गुडघे दुखणारा माणूस रात्री अडीच वाजता तंबूत उठतो म्हणजे काय होते, हे एकदा जवळून पाहावे. तो आधी कुशीवर वळतो, मग हात आणि गुडघे टेकून आधारासाठी चाचपडतो, पण तंबूच्या कापडाला धरण्यासारखे काही नसते. मग चष्मा, विजेरी, चपला शोधणे, दोन चेन उघडणे आणि दोरीला न अडखळता अंधारात स्वच्छतागृहापर्यंत जाणे. रात्रीतून दोनदा उठावे लागणाऱ्याने हे कष्ट टाळण्यासाठी संध्याकाळपासून पाणीच पिणे सोडले, असे मी पाहिले आहे, आणि उन्हाळ्यात ते मुळीच बरे नव्हे. घडीची खाट नेली की निम्मी अडचण सुटते, मात्र ती मावण्याइतका उंच तंबू हवा. खोलीत भिंत, पलंग आणि दिव्याचे बटण असते. या तीन साध्या गोष्टींची किंमत दिवसा कळत नाही.

हवामानाच्या बाबतीत मात्र खोली नेहमीच सरस ठरते असे नाही. पत्र्याचे छप्पर असलेली किंवा दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतींची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते, तर तंबू सूर्य मावळताच निवतो. उलट सकाळी सूर्य वर येऊ लागला की तोच तंबू भराभर तापतो आणि उशिरापर्यंत झोपण्याचा बेत मोडतो. म्हणून सकाळची सावली पडेल अशी जागा निवडावी. काठाजवळच्या सखल जागेत रात्री थंड आणि दमट हवा साचते, तंबूच्या आतल्या बाजूला श्वासातली वाफ निवून थेंब धरतात, आणि पहाटे कापडाला डोके लागले की ते थेट कपाळावर ओघळतात. पाण्यापासून साधारण 60 मीटर दूर आणि थोड्या उंचीवर तंबू ठोकल्यास हा त्रास कमी होतो. काठाची माती, झुडपे आणि पाणी जपण्यासाठीही एवढेच अंतर सांगितले जाते. मोठ्यांसाठी जमिनीवर नुसती हवेची गादी पुरत नाही, कारण आतली हवा खेळती राहते आणि अंगाची ऊब जमिनीकडे जाते. गादीच्या वर एक जाड पांघरूण अंथरल्यास उन्हाळ्यात तेवढे बहुधा पुरते.

मुलांचा विचार करताना पालक डासांविषयी आधी विचारतात. लहानांसाठी औषध निवडताना वेष्टनावरची वयोमर्यादा जरूर वाचावी. लिंबू-निलगिरीचे तेल असलेली औषधे तीन वर्षांखालील मुलांना लावू नयेत. सनस्क्रीनही वापरायचे असेल तर ते आधी आणि डासांचे औषध नंतर. तरी तळ्याकाठी मोठा धोका डासांचा नसून पाण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, त्यामुळे ‘आवाज आला असता’ या भरवशात अर्थ नाही. खोलीच्या दाराला उंचावर कडी असते, ही पहाटे सर्वांत आधी जाग येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मोठी सोय आहे. तंबूची चेन ती सहज उघडते. दिवसा मात्र दोन्ही पर्यायांत धोका सारखाच राहतो, किंबहुना जुन्या मित्रांच्या मेळाव्यात तो वाढतो, कारण दहा मोठी माणसे जवळ असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी पाहत आहे. यावर उपाय एकच: अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावावी, आणि ज्याची पाळी असेल त्याने गप्पांपासून आणि मोबाइलपासून दूर बसावे. हवा भरलेली खेळणी लाइफ जॅकेटचे काम करत नाहीत.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या गप्पा. वर्षांनी भेटलेले मित्र एक वाजेपर्यंत जागणार, हे गृहीत धरावे. शांत रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळतो आणि तळ्यावरून दूरवर पोहोचतो. काठावरच्या गप्पा पलीकडच्या तीरावरच्या तंबूतही ऐकू येऊ शकतात. कापडाची भिंत काहीच अडवत नाही, हे वेगळे सांगायला नको. दमलेली लहान मुले आणि लवकर झोपणारे आजी-आजोबा तंबूत असतील, तर गप्पांची बैठक किमान हाकेच्या अंतरापलीकडे हवी. खोल्यांच्या बाबतीत हा प्रश्न दार लावून मिटतो, पण त्याचा एक तोटाही आहे: दार लागले की मंडळी फिरून बाहेर येत नाहीत. तंबूवाल्यांची सकाळ आपोआप एकत्र सुरू होते, तशी खोलीवाल्यांची होत नाही.

वादळाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. उन्हाळ्यात तापलेल्या दुपारनंतर गडगडाट होणे नेहमीचेच, आणि विजेपासून तंबू कोणतेही संरक्षण देत नाही. वायरिंग आणि नळजोडणी नसलेली हलकी लाकडी खोलीसुद्धा त्यापेक्षा फार बरी नव्हे. पक्की इमारत किंवा धातूचे छप्पर असलेली बंद गाडी हाच आसरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तिथून हलू नये. ज्या जागेपासून गाडी पाच-सात मिनिटांवर नाही, तिथे मुले आणि वृद्धांसह तंबू ठोकू नयेत. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत वा खोलीत आणणे हीदेखील जीवघेणी चूक आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

श्रमांचा हिशोब थोडक्यात मांडतो. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू सामानासह दोन मोठे आणि एका मुलाला पुरतो, म्हणजे बारा जणांना चार-पाच तंबू लागतात, आणि पहिली संध्याकाळ खुंट्या ठोकण्यात जाते. तंबू आधी घरी उभारून पाहावा. आम्ही एकदा तो न उघडताच नेला आणि खांबांची पिशवी घरीच राहिल्याचे अंधार पडल्यावर लक्षात आले.

दोन खोल्या आणि बाकी तंबू हा मधला मार्ग सर्वांना सुचतो आणि बहुतेक घोळक्यांना मी तोच सुचवीन, मात्र एका अटीवर. खोल्या आणि तंबू एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असावेत आणि जेवण एकाच जागी व्हावे. अंतर वाढले की दुसऱ्या दिवसापर्यंत एकाचे दोन मेळावे होतात. सर्व मुले आठ-दहा वर्षांच्या पुढची असतील आणि कोणाला रात्री उठण्याचा त्रास नसेल, तर सर्वांनी तंबूतच राहावे. वर सांगितलेल्या आवाजाच्या आणि विजेच्या अटी पाळल्या की उरलेली गैरसोय हसण्यावारी नेता येते. एखाद्याला झोपताना श्वासाचे यंत्र लागत असेल, तर त्याच्यासाठी खोली घ्यावी आणि वीज रात्रभर असते का हे आधी विचारावे. आम्हाला एका ठिकाणी ‘वीज आहे’ एवढेच सांगितले गेले होते. ती रात्री अकरापर्यंतच असते, हे अकरा वाजता कळले. आरक्षण करताना तीन गोष्टी नेमक्या शब्दांत विचाराव्यात: झोपण्याच्या जागेपासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, त्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, आणि गाडी कुठपर्यंत येते.