सावलीतली ‘देशी’ झाडं आणि सोसायटीचे ११,४०० रुपये

कोथरूडला आमच्या इमारतीच्या उत्तरेला ऊन न येणारी पट्टी आहे. तिथे सह्याद्रीतली, सावली सोसणारी झाडं लावायचं ठरलं. वर्गणी निघाली, खरेदी माझ्याकडे आली. व्हॉट्सॲपवर रोपं विकणाऱ्या एकाला ऑर्डर दिली. सीता अशोक ४, ९५० प्रमाणे ३,८००. पेव (पावसाळ्यात फुलणारं रानातलं कंदाचं झाड) १२, २५० प्रमाणे ३,०००. रानहळद २०, १८० प्रमाणे ३,६००. टेम्पोभाडं १,०००. सगळे आगाऊ.

रोपं रात्री उतरवली, तीही शेंडे गोणपाटात बांधलेली. सकाळी सोडून बघतो तर सीता अशोक म्हणून आसुपालव! सीता अशोकाला एका देठावर पानांच्या जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. आसुपालवाचं पान सुटं, लांबट, कडा नागमोडी. हे तपासल्याशिवाय टेम्पो सोडू नका. रानहळदीच्या जागी कर्दळ, जिला ऊन लागतं. पेव म्हणून त्याच कुळातला, पण अमेरिकेतला लाल कोस्टस.

आणि हे मला एप्रिलमध्येच कळायला हवं होतं! त्याने फुललेल्या ‘पेवाचा’ फोटो पाठवला होता. ‘आजचाच आहे, साहेब.’ आपलं पेव उन्हाळ्यात मातीखाली नुसता कंद असतो. पावसात उगवतं, मग लाल कणसातून चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी फुलं येतात. ताम्हिणीत दर पावसाळ्यात बघतो मी ती. पण हा माणूस शास्त्रीय नावं घडाघडा सांगत होता, निचरा कसा आहे विचारत होता. कोणाचाही विश्वास बसला असता. शिवाय सभासदांचा रोज तगादा, पावसाआधी उरका म्हणून. आता तेच सभासद जिन्यात मला हिशोब विचारतात.

चौकीत म्हणाले, ‘झाडं मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ कृषी कार्यालयात उत्तर मिळालं, १९६९ चा रोपवाटिका कायदा फळझाडांचा आहे, हे आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? ते सांगायला कोणी तयार नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, वर साहेब जेवायला गेलेले. तक्रारअर्जाला पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. बिल दाखवलं तर त्यावर ‘मिश्र शोभेची रोपे’. झालं, तिथेच विषय संपवला त्यांनी.

बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्याच. हळदीचं पान चुरडून वास घ्या. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. त्या विक्रेत्याचा नंबर अजून चालू आहे आणि स्टेटसला तोच पेवाचा फोटो, ‘पावसाळी सवलत’ म्हणून.