काँटेसात चार मीटर बसवले, नऊ महिन्यांनंतर लिहितोय

काकांची १९९३ची काँटेसा क्लासिक कार माझ्याकडे आली तेव्हा तिचा पाण्याचा काटा मेलेला होता आणि ऑइलसाठी फक्त लाल दिवा होता. त्या दिव्याचा उपयोग काय, तर प्रेशर जवळजवळ शून्यावर आलं की तो पेटतो. म्हणजे आजारपण कळतच नाही, थेट तेराव्याचं बोलावणं. म्हणून गेल्या श्रावणात चार मीटर घेतले: ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, व्होल्ट आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). त्यानंतर गाडी साडेसहा हजार किलोमीटर चाललीय.

लोक काँटेसाला देशी मसल कार म्हणतात. बॉनेट लांब आहे, मान्य. पण घराणं विलायतेतल्या व्हॉक्सहॉलचं, बांधणी बंगालमधल्या उत्तरपाड्याची आणि इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाची ताकद ८८ अश्वशक्ती. सिग्नल सुटला की आजची साधी हॅचबॅकसुद्धा पुढे जाते. तरी नाशिकला द्वारका चौकात थांबलो की शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून ‘कितीला देता?’ विचारतोच.

खरेदी करताना दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. ऑइलचा मीटर इलेक्ट्रिक हवा. मेकॅनिकल मीटर अचूक असतो, पण त्यात गरम ऑइलची बारीक नळी थेट केबिनमध्ये येते, आणि ती फुटली तर पाय भाजतात. दुसरं म्हणजे करंट मोजणारा ॲमीटर नको, व्होल्टमीटर हवा. जुन्या पद्धतीच्या ॲमीटरमधून चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत येऊन परत जातो. साठ-सत्तरच्या दशकातल्या क्रायस्लरच्या अमेरिकन मसल कार आठवा, त्यांच्या फायरवॉलवरचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचे) वायरींचे कपलर याच करंटनं तापून वितळायचे. व्होल्टमीटरला एक बारीक वायर आणि एक अर्थ (अर्थिंग, करंटची परतीची वाट) पुरतो.

मी अंबडला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंगचंच काम करतो. तरी गाडीचं काम गाडीवाल्यानं करावं म्हणून ती एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दिली. तीन तासांत चारही मीटर लागले, दिवे पेटले, मी खूश. आठवड्यानं डॅशबोर्डचं पॅनल खोललं तर चारही मीटरची सप्लाय म्युझिक सिस्टिमच्या वायरला पीळ मारून घेतलेली, वर काळी टेप, फ्यूज नावाला नाही. आमच्याकडे असं जोडकाम केलं तर माल तपासणारा क्यूसीवाला पॅनल तोंडावर परत मारतो.

डॅशबोर्ड खोलायची वेळ आली ती काट्यांच्या वागण्यामुळे. दिवसा गाडी तंदुरुस्त असायची: पाणी ७०, गरम इंजिनावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑइलचं प्रेशर ३५ पीएसआय. संध्याकाळी हेडलाइट लावले की पाण्याचा काटा टुणकन वर आणि ऑइलचा खाली. लाइट बंद केले की परत जागेवर. आरपीएमचं तिसरंच, इंजिन नीट चालू असताना आयडलला चारशे. तो दोष मात्र दोन मिनिटांत सुटला. मीटरच्या मागे सिलिंडर निवडायचं बटण असतं आणि ते आठवर होतं. आठ सिलिंडरला एका फेऱ्यात चार ठिणग्या, आपल्या चारला दोन, म्हणून बरोब्बर निम्मं दाखवत होतं. चारवर केलं, ८५० आलं.

बाकीच्या दोघांनी दोन रविवार खाल्ले. पहिल्या रविवारी कारखान्यातून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरला. ८४ अंश. मीटर ७०च म्हणतोय. मल्टिमीटर लावला तर सेंडरचं (इंजिनात बसून मीटरला माप कळवणारा भाग) अंग आणि इंजिन ब्लॉक यांच्यात तीसेक ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा. इथे शून्य पाहिजे, कारण एका वायरच्या सेंडरला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांमधूनच. आटे बघितले तर गळती नको म्हणून टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली. आणि टेप का लागली? सेंडरचे आटे अमेरिकन पाइपच्या मापाचे (एनपीटी), इंचाला २७. इंजिनावरचे ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला २८. सुरुवातीचे दोन-तीन फेरे गोडीत जातात, मग अडतं, आणि माणूस पान्याला जोर लावतो. सातपूरच्या एका लेथवाल्याकडून पितळेचे दोन अडॅप्टर करून घेतले, दोन्हीचे मिळून सहाशे रुपये. टेप काढली, आट्यांवर गळती रोखणाऱ्या पेस्टचा पातळ हात फिरवला.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती नीट सांगतो. माझ्या सेटचे सेंडर व्हीडीओ या जर्मन मीटर कंपनीच्या पद्धतीचे आहेत. ऑइलचा १० ओहमपासून १८०पर्यंत, प्रेशर वाढेल तसा ओहम वाढतो. पाण्याचा उलटा, गरम होईल तसा ओहम कमी. आता सेंडरचा अर्थ खराब झाला की दोघांच्यात फुकटचा रेझिस्टन्स मिसळतो. त्यामुळे ऑइल खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं आणि पाणी थंड दिसतं. म्हणजे इंजिन उकळायला आलं तरी दोन्ही काटे ‘काही नाही, चला’ म्हणणार. याच्यापेक्षा मेलेला काटा बरा, त्याच्यावर निदान कुणी विसंबत नाही.

रात्रीचं दुखणं दुसऱ्या रविवारी सापडलं. मल्टिमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकवर, दुसरी बॉडीवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू: ०.६८ व्होल्ट. इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, ती हातात घेतली तर हिरवा भुगा झाला. सेंडर इंजिनावर, मीटर बॉडीवर. दिव्यांचा करंट परत जाताना त्या कुजक्या पट्टीत अडायचा, बॉडी ब्लॉकपेक्षा वर उचलली जायची आणि मीटरला सेंडरचा ओहम कमी वाटायचा. म्हणून पाणी वर, ऑइल खाली. पंचवीस स्क्वेअर एमएमची केबल, दोन्ही टोकांना दाबलेले लग (बोल्टला अडकवायच्या धातूच्या कड्या), खालचा रंग कानशीनं खरवडून स्टार वॉशर. परत मोजलं, ०.०३. सेल्फसुद्धा त्या दिवसापासून खणखणीत मारतो, तोवर मी बॅटरीला शिव्या देत होतो.

मग हात घातलाच आहे तर म्हणून मीटरसाठी वेगळा तीन अँपिअरचा फ्यूज घेतला, डॅशमागे अर्थचा एकच स्टड केला आणि चारही मीटरचे अर्थ तिथे आणले. हेडलाइटना रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावले. आधी दिव्यांचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून फिरायचा. दिवे आणि ब्लोअर लावल्यावर व्होल्टमीटर १२.२ दाखवायचा, आता १३.७च्या खाली येत नाही. मीटरना अकरा हजार गेले, वायर, रिले, लग, फ्यूज यांना अडीच हजार. माझ्या मते अडीच हजारांचं काम आधी करावं. मीटर पुढच्या दिवाळीला घेतले तरी चालतात.

वापराचं म्हणाल तर, डिसेंबरात नांदुरीहून वणीचा गड चढलो, पाणी ९४ला जाऊन थांबलं आणि उतारावर ८२. गेल्या आठवड्यात भर मे महिन्यात एसी लावून कसारा चढलो तेव्हा १०२ बघितलं. एसी बंद केला, दोन वळणांत ९६. आयडलला ऑइल आता खरं दिसतं, वीसच्या आसपास. पूर्वीचे पस्तीस गेले याचं थोडं वाईट वाटतं.

खरा पैसा वसूल झाला सप्टेंबरात. मुंबईहून येताना घोटी सोडली, धो धो पाऊस, वायपर-दिवे-ब्लोअर सगळं चालू, आणि व्होल्टचा काटा हळूहळू उतरायला लागला. १३, मग १२.६, मग १२.३. एसी आणि गाणी बंद केली, ब्लोअर एकवर आणला आणि गाडी बंद न करता घर गाठलं. सकाळी बघितलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे कार्बन संपलेले. काटा नसता तर विल्होळीच्या अलीकडे अंधारात उभे राहिलो असतो.

तक्रारीही आहेत. आतल्या बल्बवर दिलेली लाल रबरी टोपी दुसऱ्याच महिन्यात वितळून चिकटली. पावसाळ्यात व्होल्टमीटरच्या काचेला आतून वाफ धरते, ऊन पडलं की जाते. आणि सवय वाईट लागते. बायको म्हणते, ‘समोर बघा हो, काटे कुठं पळून चाललेत का?’

पेट्रोलचा काटा मात्र जुनाच ठेवलाय. टाकीतला सेंडर नव्या मीटरशी जुळत नाही आणि टाकी उतरवायची आत्ता हिंमत नाही. पाव टाकी दाखवली की मी पंपावर वळतो. काकाही तसंच करायचे. डिकीत त्यांचा पाच लिटरचा कॅन अजून आहे, रिकामा.