भाषा आणि समाज, की भाषा आणि विचार? नाशिकात राहून रिसर्चला काय घ्यायचं

एम.ए. होत आलंय, भाषा आणि माणसं यावर काहीतरी करायचंय आणि गाईड विचारतायत की नक्की काय करणार. निफाड, कळवण, सटाण्याकडच्या पोरापोरींकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ढोबळमानाने तीन वाटा आहेत. बोलण्यात समाज कसा दिसतो ते मोजायचं, किंवा लोकांत राहून त्यांची संस्कृती बोलण्यातून समजून घ्यायची, किंवा भाषेमुळे विचार करायची पद्धत बदलते का ते तपासायचं. सगळ्यांना तिसरी हवी असते. पहिलंच काम असेल तर तिसरी घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

पहिली वाट अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्हची. त्याने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, एक महागडं एक मधलं एक स्वस्त, तिथल्या स्टाफला असा प्रश्न विचारला की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं, मग ऐकू न आल्यासारखं करून परत विचारलं, कारण दुसऱ्यांदा माणूस जरा सांभाळून बोलतो, आणि र उच्चारला की गाळला एवढंच टिपून घेतलं. २६४ माणसं झाली. महागड्या दुकानात ६२ टक्के लोकांनी निदान एकदा तरी र उच्चारला, स्वस्त दुकानात फक्त २० टक्क्यांनी. आता हे नाशिकला करून बघा, आपल्याकडे ण आणि न आहेच की. ठक्कर बझार बस स्टँडला पुण्याच्या गाडीपाशी उभं राहून "ही गाडी कुठली?" विचारलं की "पुण्याची" येतं की "पुन्याची", मग "काय म्हणालात?" विचारल्यावर काय येतं, ते वहीत लिहायचं. कॉलेज रोड, सिडको, पंचवटीसाठी असेच वेगळे प्रश्न बनवायचे. खर्च जवळपास नाही, रेकॉर्ड केलेले उच्चार तपासायचं प्राट सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चारसहा महिन्यांत डेटा हातात येतो. फक्त लपून रेकॉर्डिंग करायचं नाही, परवानगीचं गाईडशी आधीच बोलून घ्या.

आणि हा विषय किरकोळ अजिबात नाही. "पानी" म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात आणि तो वर्षभर तोंड उघडत नाही, हे मला फार लागतं. न म्हणणं हा बुद्धीचा दोष नाही, कुठे वाढलो आणि कोणात वावरलो याची ती खूण आहे, हे आकड्यांनी दाखवता आलं तर शाळेत त्याचा खरंच उपयोग आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यावर १९७३ मध्ये पीएच.डी. केली आणि पुढे तिथेच मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं.

दुसरी वाट वेळखाऊ आहे पण माल भरपूर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्सचा प्रश्न होता की कोण कोणाशी, कुठे, कशासाठी, कसं बोलतं. लासलगावला कांद्याचा लिलाव बघा. ट्रॅक्टरची रांग, व्यापारी मूठभर कांदे उचलून दाबून बघतात, भाव पुकारत घोळका पुढे सरकतो, उन्हाळ, लाल, गोल्टी हे कांद्याचे प्रकार, हे सगळं झरझर चाललेलं, शेतकरी मात्र बहुतेक वेळ गप्प. तो गप्प का, कोण कोणाला अरेतुरे करतं, कोणाला शेठ म्हणतात, हे टिपायला सीझनभर जावं लागेल, एका चकरेत होणार नाही. इथे एक सावधगिरी. सासूला आत्याबाई, सासऱ्याला मामंजी म्हणायची आपली जुनी रीत मामाच्या मुलीशी लग्नाच्या चालीला धरून आहे, नातेसंबंधांवर इरावती कर्वे यांचं १९५३ चं पुस्तक यासाठी वाचाच, पण जिथे असं लग्न पिढ्यान्‌पिढ्या झालं नाही तिथेही मामंजी म्हणतातच. म्हणजे शब्द सापडला की लगेच समाज सापडला असं धरू नका, घरोघर विचारावं लागतं.

तिसरी वाट. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर भाषेत डावं-उजवं असं सांगतच नाहीत, सगळं पूर्व-पश्चिमेत. टेबलावर खेळण्यातले प्राणी ओळीत मांडायचे, माणसाला उलटं फिरवून दुसऱ्या टेबलावर तीच ओळ लावायला सांगायची, मग तो डाव्या-उजव्याने लावतो की दिशेने ते बघायचं, म्हणजे भाषेची सवय विचारातही उतरते का ते कळतं. भारीच वाटतं, आणि आपल्याकडे "उगवतीच्या अंगाला", "गंगेच्या पलीकडे" असं बोलणारी माणसं आहेतच. (गंगा म्हणजे गोदावरी, नाशिककरांना सांगायला नको.) समजा पेठ-सुरगाण्याचा शेतकरी आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमधला माणूस यांत फरक निघाला, पण तो भाषेमुळे की डोंगर-शिवारात राहण्यामुळे? ली आणि ग्लाइटमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला, अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच्या आजूबाजूच्या खुणा बदलल्या तर उत्तरं बदलली. त्याआधी भाषाशास्त्रज्ञ एरिक पेडरसनच्या कामात खेड्यातले आणि शहरातले तमिळ बोलणारेही वेगळे निघाले होते, भाषा तीच असून. व्हायव्हाला हे विचारणारच. सायकॉलॉजीचा को-गाईड आणि पक्कं स्टॅटिस्टिक्स हाताशी असेल तर जरूर करा, नाहीतर वर्ष जाईल आणि निष्कर्ष टिकणार नाही.

मग घ्यायचं काय? वेळ कमी आणि आकड्यांची भीती नसेल तर पहिली. घरी अहिराणी, कोकणा बोलत असाल तर डोळे मिटून दुसरी, कारण बाहेरच्याला जे ऐकायला वर्ष लागेल ते तुमच्या ओट्यावर रोज चालतं. २०११ च्या जनगणनेत, अहिराणी ज्यात मोजतात त्या खान्देशी गटाचे १८ लाखांवर भाषक नोंदलेत, तरी कॉलेजात आल्यावर पोरं अहिराणी लपवतात. ती का लपवतात, कोणासमोर लपवतात आणि फोनवर आईशी बोलताना कशी परत येते, एवढ्यावरच अख्खा प्रबंध होतो. सुरू करण्याआधी डेक्कन कॉलेजच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन ऐकून घ्या, प्रश्नावली कशी करायची ते तिथे बरंच कळतं.