तक्त्यात न मावणारे भेद : ख्रिस्ती धर्माच्या शाखांवरील एका ध्वनिमुद्रित अभ्यासक्रमाचे परीक्षण

ख्रिस्ती धर्माच्या प्रमुख शाखा आणि त्यांच्यातील भेद या विषयावरचा बारा व्याख्यानांचा एक ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला आणि लगेच दुसऱ्यांदा ऐकला. प्रत्येक व्याख्यान सुमारे पाऊण तासाचे असून सोबत टिपणांची पुस्तिका आणि सर्व शाखांची तुलना करणारा एक मोठा तक्ता दिलेला आहे. व्याख्याने उत्तम आहेत; तक्ता मात्र त्याच व्याख्यानांच्या विरुद्ध साक्ष देतो. हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अभ्यासक्रम घेणारे बरेच जण आधी तक्ताच उघडतील आणि काहींचा अभ्यास तेथेच थांबेल.

या विषयाची मांडणी करणारे बहुतेक जण १०५४ साली पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडील कॅथलिक चर्च वेगळे झाले येथून आरंभ करतात आणि तेथून थेट १५१७ वर, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेला आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरवर येतात. या व्याख्यात्यांनी दुसरे संपूर्ण व्याख्यान ४३१ सालच्या इफिसच्या आणि ४५१ सालच्या कॅल्सिडनच्या धर्मपरिषदांना दिले आहे, आणि अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे बळ मला यातच दिसते. ख्रिस्त दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांत एकच व्यक्ती आहे, हा कॅल्सिडनचा निर्णय कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियाक आणि इथिओपियन परंपरेच्या चर्चनी स्वीकारला नाही. त्यांची निष्ठा अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल यांच्या शब्दांशी होती : देहधारी झालेल्या शब्दाचा, म्हणजे ख्रिस्ताचा, एक स्वभाव. या चर्चना ख्रिस्ताचे मनुष्यत्वच मान्य नाही, असा आरोप पुढे शतकानुशतके होत राहिला. वास्तविक पाचव्या शतकातील ज्या युटिकेस या मठवासीच्या नावाशी ते मत जोडले जाते, त्यालाही ही चर्च चुकीचाच मानतात. पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी १९७३ साली संयुक्त निवेदनावर सह्या करून ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे एकत्र सांगितले, हे व्याख्याते आवर्जून नोंदवतात. इतके सगळे ऐकून तक्त्याकडे वळावे, तर तेथे या चर्चच्या रकान्यात ‘ख्रिस्ताचे स्वभाव : एक’ आणि इतरांच्या रकान्यात ‘दोन’ एवढेच छापलेले आढळते. पाऊण तासात जो गैरसमज दूर केला, तोच एका शब्दाने परत आणला आहे.

१०५४ वरचे व्याख्यानही असेच काळजीपूर्वक केलेले आहे. त्या वर्षी १६ जुलैला पोपचे प्रतिनिधी कार्डिनल हम्बर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चमधील वेदीवर तेथील पॅट्रिआर्क, म्हणजे धर्मप्रमुख, मायकेल केरुलारियस यांच्याविरुद्धचे बहिष्कारपत्र ठेवले. परंतु ज्यांच्या नावाने ते ठेवले गेले, ते पोप नववे लिओ एप्रिलमध्येच निवर्तले होते. आणि उत्तरादाखल पूर्वेकडून झालेला धिक्कारही त्या प्रतिनिधींचा होता, संपूर्ण रोमन चर्चचा नव्हता. सामान्य भाविकांच्या मनात खरी दरी पडली ती १२०४ साली, चौथ्या क्रूसयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटल्यावर. १९६५ साली पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी ते जुने धिक्कार मागे घेतले, तरी एका वेदीवरून प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार, घेण्याइतके ऐक्य आजही झालेले नाही.

ते का झालेले नाही, याचे उत्तर व्याख्याते पवित्र आत्म्याविषयीच्या वादातून देतात. ३८१ साली निश्चित झालेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत विधानात, पवित्र आत्मा पित्यापासून निघतो असे म्हटले आहे. पश्चिमेत त्याला ‘आणि पुत्रापासून’ ही जोड मिळाली आणि १०१४ पासून रोममध्येही मिस्सेत, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, ती गायली जाऊ लागली. या वादाला दोन पदर आहेत : जोडलेले शब्द ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहेत का, आणि सार्वत्रिक परिषदेने ठरवलेला मतांगीकार परिषदेवाचून बदलण्याचा अधिकार कोणाला आहे. पहिल्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे अभ्यासक पुष्कळ जवळ आले तरी दुसरा तसाच उरतो, आणि श्रद्धेविषयी अधिकाराने शिकवताना पोप चुकू शकत नाही, हा अचूकतेचा १८७० सालचा सिद्धांत याच दुसऱ्या प्रश्नाला रोमने दिलेले उत्तर आहे. ऑर्थोडॉक्स परंपरा म्हणजे पोप वजा केलेला कॅथलिक पंथ, ही समजूत मी स्वतः अनेक वर्षे बाळगली होती; या व्याख्यानाने ती मुळापासून काढली. कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क तेथे समानांतील पहिले असतात आणि श्रद्धेचे प्रश्न परिषद, परंपरा व उपासना यांतून सुटतात. त्या व्यवस्थेत पोपच्या आसनाइतकी जागा कोठे रिकामी पडलेली नाही.

तक्त्यातील सर्वांत सदोष ओळ प्रभुभोजनाची आहे. ‘भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो का?’ या प्रश्नापुढे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन रकान्यांत ‘होय’ आणि उरलेल्या सर्व प्रोटेस्टंट रकान्यांत ‘नाही’ लिहिले आहे. हे तीन ‘होय’ एकच नाहीत. कॅथलिक शिकवणुकीनुसार भाकरीचे रूप, चव आणि वास तसेच राहून तिचे मूलद्रव्य बदलते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने त्यासाठी एक विशिष्ट संज्ञा वापरली आणि धर्मसुधारणेला उत्तर देणाऱ्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ साली ती पक्की केली. ऑर्थोडॉक्स चर्च बदल तितक्याच ठामपणे मानते, परंतु तो कसा घडतो याचे तात्त्विक स्पष्टीकरण बंधनकारक न करता पवित्र आत्म्याच्या आवाहनाच्या प्रार्थनेवर भर देते आणि पुढे मौन राखते. लूथरच्या मते भाकर भाकरच राहते आणि तिच्यात, तिच्यासह, तिच्याखाली ख्रिस्ताचे शरीर असते. १५२९ साली मारबुर्ग येथे लूथर आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले आणि पंधराव्यात ‘हे माझे शरीर आहे’ यातील ‘आहे’ या शब्दापाशी ते अडले. झ्विंग्लीला त्याचा अर्थ ‘दर्शवते’ असा वाटत होता. ‘नाही’ हे उत्तर झ्विंग्लीला कसेबसे लागू पडेल, पण जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन याच्यावर त्याने सरळ अन्याय होतो. श्रद्धावान मनुष्य पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने ख्रिस्ताचे खरोखरच सेवन करतो, असे कॅल्विन शिकवत असे, आणि हे सातव्या व्याख्यानात अतिशय सुंदर रीतीने सांगितलेही आहे.

(खमिराची की बेखमीर भाकर, हा १०५४ च्या सुमाराचा अत्यंत तापलेला वाद व्याख्यात्यांनी दोन वाक्यांत संपवला आहे. पूर्वेकडील असूनही आर्मेनियन चर्च बेखमीर भाकर वापरते, एवढे सांगितले असते तरी पूर्व-पश्चिम ही विभागणी किती ढोबळ आहे ते लक्षात आले असते.)

धर्मगुरूंच्या विवाहाच्या ओळीत तर दोन्ही रकाने चुकले आहेत. कॅथलिकांपुढे ‘नाही’ आहे. पण पोपचे प्रमुखत्व मानून आपली पूर्वेकडील उपासनापद्धती जपणाऱ्या पूर्वीय कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू असतात. या चर्चचा तक्त्यात उल्लेखच नाही. ऑर्थोडॉक्सांपुढे ‘होय’ आहे. परंतु तेथे विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो, दीक्षेनंतर धर्मगुरूला विवाह करता येत नाही आणि बिशप अविवाहितांतून, परंपरेने मठवासीयांतून निवडले जातात.

व्याख्यानांतही एक मोठी उणीव आहे. प्रोटेस्टंट परंपरेला तीन व्याख्याने दिली असून त्यांतील जवळजवळ सगळा वेळ लूथर, कॅल्विन आणि इंग्लंडच्या चर्चने घेतला आहे. १५२५ साली झुरिकमध्ये प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देऊन सुरू झालेल्या ॲनाबाप्टिस्ट चळवळीला काही मिनिटे मिळतात, आणि १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभांतून जगभर पसरलेल्या, पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीला केवळ एक वाक्य. आजच्या ख्रिस्ती जगातील इतका मोठा प्रवाह असा वगळणे मला अक्षम्य वाटते. याउलट मनुष्य नीतिमान कसा ठरतो, या धर्मसुधारणेच्या गाभ्याच्या प्रश्नावरचे विवेचन अत्यंत न्याय्य आहे. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य तरतो या मताचा ट्रेंटनेही निषेधच केला होता, हे सांगून व्याख्याते खरा मतभेद नेमका दाखवतात : देव पाप्याला नीतिमान म्हणून गणतो, की आतून बदलून नीतिमान करतो. लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २००६ साली मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही त्यात सामील झाला, येथपर्यंत हा धागा नेलेला आहे.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, ग्रीक आणि लॅटिन संज्ञा संथपणे उच्चारल्या आहेत, पुस्तिकेला सूची नाही. नव्याने अभ्यास करणाऱ्याने दुसरे, चौथे आणि सातवे व्याख्यान आधी ऐकावे आणि तोवर तक्ता बाजूला ठेवावा. निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पुढील आवृत्तीत पूर्वीय कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल यांचे रकाने वाढवावेत आणि ‘होय’ व ‘नाही’ यांच्या जागी प्रत्येक घरात एकेक पूर्ण वाक्य द्यावे. त्यांतील बरीचशी वाक्ये व्याख्यात्यांनी स्वतःच उच्चारलेली आहेत, ती केवळ उतरवून घ्यायची आहेत.