शुद्ध आहे म्हणून नासतं म्हणे!

"ताई, आमचं दूध शुद्ध आहे ना, म्हणून नासतं. पिशवीच्या दुधात केमिकल असतं, ते कशाला नासेल?"

हे वाक्य तुमच्या दुधवाल्याने तुम्हाला ऐकवलं असेल तर पुढचं नीट वाचा. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत चाळीसेक घरांना याच वाक्याने सगळा उन्हाळा गप्प बसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण पोरांच्या पोटात काय काय गेलं ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

जाहिरात झकास होती. गीर गाईचं ए-टू दूध, शहापूरजवळच्या गोठ्यातून थेट दारात, काचेच्या बाटलीत, "मानवी हाताचा स्पर्श न होता". दर पिशवीच्या गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तर सूट, बाटल्यांचं डिपॉझिट वेगळं. एका रविवारी त्यांनी सोसायटीच्या आवारात टेबल मांडलं, छोट्या पेल्यांतून दूध पाजलं, वर पेढेही वाटले. दूध खरंच चांगलं होतं. पिवळसर झाक, जाड साय, तूपही भरपूर निघायचं. थंडीभर कुणी तक्रारीचा शब्द काढला नाही.

मार्च लागला आणि दूध नासायला लागलं. गॅसवर ठेवलं की उकळी यायच्या आधीच कडेने बारीक कण दिसायचे, पाच मिनिटांत चोथा एकीकडे आणि हिरवट पाणी एकीकडे. आधी कधीतरी व्हायचं, मग दिवसाआड. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर कुणाकडेही गेलात तरी बशीत कलाकंदच पुढे यायचा.

फोन केला की कारण तयार. पातेलं नीट विसळलं नसेल. उन्हाळा आहे, बाटली बाहेर राहिली असेल. फ्रीज सारखा उघडत असाल. गाय नुकतीच व्यायली आहे, चिकाचा अंश आला असेल. आणि शेवटी ते हुकमी वाक्य, शुद्ध आहे म्हणून नासतं.

यातलं एकेक कारण खरं असू शकतं, इथेच माणूस फसतो. खरकट्या पातेल्यात दूध नासतंच. उन्हाळ्यात लवकर आंबतंच. नुकत्या व्यायलेल्या गाईचं दूध तापवताना फाटतं हेही खरं, खरवस त्याचाच होतो. पण गाय महिनाभर रोज नुकतीच व्यायलेली कशी राहील, हा प्रश्न आमच्या सासूबाईंनी विचारला तेव्हा पलीकडून फोन कट झाला.

पातेल्याचा आरोप मात्र मला झोंबला होता. मग एका सकाळी दूध टाकणाऱ्या मुलाने दारात बाटली ठेवताक्षणी उचलली. दोन सारखी पातेली उकळत्या पाण्याने विसळली. एकात बाटलीतलं दूध ओतलं, दुसऱ्यात कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेलं पिशवीचं, आणि शेजारशेजारच्या शेगड्यांवर ठेवली. पिशवीचं दूध छान वर आलं. बाटलीतलं फाटलं. घर तेच, पाणी तेच, हात तेच. तुम्हाला शंका असेल तर आधी एवढंच करा, खर्च एका पिशवीचा.

रिकामी झालेली बाटली त्या दिवशी उजेडात धरून पाहिली. गळ्याच्या आतल्या वळणावर पांढुरकी साका धरलेली, झाकणाच्या आतल्या चकतीखाली पिवळट खरवड. नखाने काढून वास घेतला तर शिळ्या ताकाचा. बाटल्या नुसत्या गार पाण्याने विसळून पुन्हा भरत होते, म्हणजे आदल्या दिवशीचं विरजण बाटलीतच तयार. काच दिसायला स्वच्छ दिसते, एवढाच तिचा गुण.

तिसऱ्या मजल्यावरचे काका एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, संकलन केंद्रावर आम्ही हेच करायचो. परीक्षानळीत थोडं दूध उकळायचं. फाटलं की कॅन परत." ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) ६.६ ते ६.८ असतो. जंतू दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात तसा तो उतरत जातो. ४.६ च्या आसपास आला की न तापवताही दही होतं. पण त्याच्या कितीतरी आधी, जिभेला आंबट लागायच्याही आधी, ते आच लागताच फाटण्याइतकं आंबलेलं असतं. म्हणजे आल्याआल्या स्वच्छ पातेल्यात पहिल्याच तापवण्यात फाटलेलं दूध तुमच्या घरी येण्याआधीच आंबलेलं होतं. पहिली उकळी नीट आली आणि संध्याकाळपर्यंत नासलं, तर दोष आपल्या घरात शोधायचा. हा फरक दुधवाल्याला पक्का ठाऊक असतो, म्हणून तो बोलणं कायम पातेल्यावर नेतो.

आम्ही सगळ्यांनी मिळून ग्रुपवर आवाज उठवला. आणि चमत्कार झाला, दूध नासायचं थांबलं. मेच्या रखरखीत दुपारी ओट्यावर विसरलेलं दूध संध्याकाळी ठणठणीत. लोक खूश. "बघा, बोललो म्हणून सुधारले." मला मात्र दही लागेना. रात्री विरजण लावावं तर सकाळी पातळ, ताराळ काहीतरी, चवीला किंचित साबणासारखं. दूध आटवलं तर रंग नेहमीपेक्षा तांबूस. काकांनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. "सोडा मारलाय."

आंबायला लागलेल्या दुधात सोडा घातला की आम्ल मरतं आणि दूध उकळताना फाटत नाही. जंतू तसेच राहतात, त्यांनी दुधाची केलेली खराबीही तशीच. फक्त आपल्याला कळायची जी एक खूण होती ती पुसली जाते. काकांनी ओळखीच्या डेअरीतून रोझॉलिक अ‍ॅसिड मागवलं, दुधातला सोडा ओळखायचं रसायन. परीक्षानळीत पाच मिली दूध, तेवढंच अल्कोहोल, वर दोन-चार थेंब. पिशवीचं दूध तपकिरी झालं, बाटलीतलं झक्क गुलाबी. नळी हातात धरून आम्ही दोघं गप्प.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या घरगुती चाचण्यांबद्दल एक सांगते. तिरप्या पृष्ठभागावर थेंब सोडून बघायचा, पांढरा माग न ठेवता झरकन ओघळला तर पाणी. तेवढंच पाणी घालून हलवायचं, दाट फेस राहिला तर डिटर्जंट. उकळून गार केलेल्या दुधात आयोडीन, निळं झालं तर स्टार्च. या चाचण्या खोट्या नाहीत, अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच त्या दिल्यात. पण यातल्या एकीनेही आमच्या दुधातला सोडा पकडला नसता. लॅक्टोमीटर बुडवून दाखवतात त्या दुधाच्या डिग्रीवरही जाऊ नका. पाण्याने डिग्री उतरते, साखर घातली की परत चढते.

गोठ्याचं प्रकरण पेपर टाकणाऱ्या मुलामुळे बाहेर आलं. पहाटे चारला सर्व्हिस रोडवर एक टेम्पो उभा असतो, दोन माणसं कॅनमधलं दूध नरसाळ्याने बाटल्यांत भरतात, असं तो सहज बोलून गेला. मानवी हाताचा स्पर्श न होता! मग हिशेब मांडला. डिसेंबरात गोठा दाखवायला नेलं होतं तेव्हा दहा-बारा गीर गाई होत्या, गळ्यात घंटा, भिंतीवर वारली चित्रं. (त्या भागाची आपली गाय डांगी, पण तिच्या नावाला भाव नाही.) चांगली गीर गाय ऐन दुधात दिवसाला आठ-दहा लिटर देते. भाकड गाई आणि वासरांचं दूध वजा केलं तर सगळा गोठा मिळून शंभर लिटरचीही मारामार. आणि पत्रकावर यांनीच छापलेलं, "रोज ८०० कुटुंबांचा विश्वास". बाकीच्या सातशे घरांचं दूध कुठून येत होतं ते टेम्पोलाच माहीत.

ए-टूचं तर विचारूच नका. ए-वन, ए-टू हा दुधातल्या बीटा-केसिन नावाच्या प्रथिनाचा प्रकार आहे. दूध टिकण्या-नासण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही आणि घरी तो ओळखताही येत नाही. प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला वेष्टनावरून हे दावे काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागेही घेतला. तेव्हा त्या दोन अक्षरांसाठी दुप्पट दर मोजायचा का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजणार नाही.

बाटलीवर परवान्याचा आकडा होता. काकांनी मोजला तर दहा अंकी. खरा परवाना किंवा नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो आणि प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पैसे घेतलेले यूपीआय खातंही कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. आम्ही रतीब बंद करून उरलेले पैसे मागितले तेव्हा आधी सर्व्हर डाऊन होता, मग अकाउंटवाले गावी गेले, मग नंबरच लागेना. ज्यांनी पावत्या आणि चॅट जपून ठेवले होते त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार केली. त्यातल्या काहींना निम्मे परत मिळाले. डिपॉझिट कुणालाच नाही. बाटल्या आता मनीप्लांट लावायला होतात.

पिशवीच्या दुधाबद्दल जे भरवलं जातं तेही एकदा समजून घ्या. ते टिकतं ते ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांपर्यंत गार केल्यामुळे. महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेलं असतं. त्याला पावडर-औषध लागत नाही. पिशवीतही भेसळ होते, कोपरा कापून पाणी घालून मेणबत्तीवर पुन्हा चिकटवलेल्या पिशव्या मुंबईत अनेकदा पकडल्या आहेत, तेव्हा चिकटवलेली कड जाड, वेडीवाकडी किंवा काळपट वाटली तर घेऊ नका.

आणि घरचं म्हणाल तर दूध नासायची सुरुवात होते ती बहुधा तापवल्यानंतर ते कोमट राहतं तेव्हा. उकळीने बरेचसे जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तगतात आणि कोमट दुधात पुन्हा वाढतात. म्हणून तापलेलं पातेलं परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवायचं, वर जाळी, आणि निवलं की लगेच फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला. दाराच्या कप्प्यात नाही, तिथे उघडझाप फार. सकाळच्या दुधात कालचं उरलेलं ओतणं तर अजिबात नको, चहाचा चमचा बुडवणं त्याहून नको. रात्री उरलेलं पुन्हा एकदा उकळलं की सकाळच्या चहाची काळजी नाही. आमच्या घरी एवढ्यावर पिशवीचं दूध भर मेमध्येही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नीट राहतं.

तक्रारीची जागा म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००२२२३६५. कारवाईसाठी नमुना त्यांच्या अधिकाऱ्याने विक्रेत्याकडून घ्यावा लागतो, म्हणून पुरवठा चालू असतानाच कळवा, बंद झाल्यावर नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या ४० व्या कलमाप्रमाणे ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचा असतो. पहाटे दारात ठेवलेल्या बाटलीला हे सांगायचं कुणी?

परवा कळव्याच्या एका मैत्रिणीने पत्रकाचा फोटो पाठवला. नाव नवीन, गाय तीच, तीन महिने आगाऊ भरल्यास सूटही तीच. या वेळी परवान्याचा आकडा मात्र १४ अंकी आहे. फॉसकॉसवर टाकून पाहिला, तो एका फरसाणवाल्याचा निघाला.