प्रोजेक्टमध्ये आर्टिस्ट घ्यायचाय? आधी ठरवा कुठे बसवणार

नदीवर काम करणारा ग्रुप असो, कचरा प्लांट चालवणारी कंपनी असो की वेटलँडवर रिसर्च करणारी मंडळी, मीटिंगमध्ये कधीतरी हा विषय निघतोच, की आपण एखादा आर्टिस्ट सोबत घेऊया का. आणि मग बहुतेक वेळा हाती काय लागतं, तर फ्लायओव्हरच्या खांबावर दोन तळहातांत धरलेली पृथ्वी आणि तिच्यातून उगवलेलं रोपटं. माझी त्याला हरकत नाही, खांब आधीपेक्षा बरा दिसतो, पण ते रंगकाम झालं. त्यात इंजिनिअरने स्वतःच्या ड्रॉइंगमधली एक रेघ बदललेली नसते आणि आर्टिस्टने पाण्याचा एक रिपोर्ट वाचलेला नसतो. त्यामुळे भिंती रंगवणं हा ऑप्शन मी इथे धरतच नाहीये. तेवढंच हवं असेल तर पेंटरकडून कोटेशन मागवा आणि मोकळे व्हा.

जिथे दोन्ही बाजूंनी खरंच घाम गाळला गेला अशी कामं बघितली तर त्यांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. मी स्वतः सांडपाण्याच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे माझा कल कुठे झुकतो ते वाचताना कळेलच.

खात्यात मुक्काम

न्यूयॉर्कच्या कलाकार मिअर्ल लेडरमन युकेलीस. १९६९ मध्ये, मूल झाल्यावर दिवसभर घरातलंच आवरण्यात जातोय या वैतागातून त्यांनी एक जाहीरनामा लिहिला, की साफसफाई, देखभाल, सांभाळणं हीच माझी कला. पुढे १९७७ पासून त्या न्यूयॉर्क शहराच्या सॅनिटेशन खात्यात निवासी कलाकार झाल्या, बिनपगारी. काळ बघा, शहर नुकतंच दिवाळखोरीच्या काठावर जाऊन आलेलं, नोकऱ्या गेलेल्या, आणि कचरा उचलणाऱ्या माणसाकडे लोक नाक मुरडून बघायचे. युकेलीस यांनी काय केलं, तर १९७९-८० मध्ये शहराच्या ५९ च्या ५९ विभागांत फिरून साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. बस्स, एवढंच. एवढंच म्हणायला सोपं आहे, पण त्यासाठी पहाटेच्या हजेरीला हजर राहावं लागतं, गाड्यांचे रूट समजून घ्यावे लागतात, आणि खात्यातल्या साहेबांना हे काय चाललंय ते पटवावं लागतं. नंतर १९८३ मध्ये त्यांनी एका कचरागाडीला बाहेरून आरसे लावले, म्हणजे गाडी रस्त्यावरून गेली की ज्यांनी कचरा केला त्यांनाच स्वतःचं तोंड दिसणार! त्या खात्यात पुढेही कित्येक वर्षं राहिल्या, आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराने वेगवेगळ्या सरकारी खात्यांत कलाकार ठेवायची जी योजना काढली ती त्यांच्याच कामावरून.

सॅन फ्रान्सिस्कोमधलं मॉडेल जास्त सुटसुटीत आहे आणि कंपन्यांना ते कॉपी करायला सोपं जाईल. तिथे जो हॅन्सन नावाच्या कलाकार बाई आपल्या घरासमोरचा फूटपाथ झाडून त्यातला कचरा जमवायच्या, त्यातूनच त्यांचं काम उभं राहिलं, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९९० मध्ये शहराच्या कचरा कंपनीने, जिला आता रिकोलॉजी म्हणतात, डंपवरच स्टुडिओ सुरू केला. चार महिने मुक्काम, मानधन, कचऱ्यातून हवं ते उचलायची मुभा, शेवटी प्रदर्शन, आणि मधे शाळेच्या सहली आल्या की मुलांशी बोलायचं. हद्द स्पष्ट, वेळ ठरलेला, त्यामुळे हे इतकी वर्षं टिकलंय.

पण या पद्धतीतलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण स्कॉटलंडचं. लंडनमध्ये १९६६ मध्ये बार्बरा स्टेव्हनी आणि जॉन लेथम वगैरेंनी कलाकारांना कारखान्यांत, सरकारी खात्यांत पाठवणारा एक गट काढला होता. त्यातून लेथम १९७५-७६ मध्ये स्कॉटिश ऑफिसमध्ये, म्हणजे स्कॉटलंडचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यात गेले. प्रश्न होता एडिनबर्गच्या पश्चिमेला पडलेल्या लालसर ढिगाऱ्यांचा, म्हणजे दगडातून तेल काढायच्या जुन्या उद्योगाने मागे टाकलेला डोंगरएवढा राडारोडा, याचं करायचं काय. लेथमचं उत्तर होतं, काही करू नका, हे उभं स्मारक आहे, जपा. साहेब लोकांच्या चेहऱ्याची कल्पना करा. पण त्यातल्या फाइव्ह सिस्टर्स नावाच्या ढिगाऱ्यांना आज कायद्याने संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. मुक्कामी कलाकार बोलावलात तर असं उत्तर येऊ शकतं, की ज्यात तुमचं टेंडरच रद्द होतं, आणि तेवढी मनाची तयारी नसेल तर नका बोलावू.

प्रयोग हीच कलाकृती

मेल चिन हा शिल्पकार आणि रूफस चेनी हे अमेरिकेच्या कृषी खात्यातले शास्त्रज्ञ. काही झाडं जमिनीतले जड धातू मुळांवाटे ओढून पानांत साठवतात, मग ती झाडं कापून न्यायची आणि जमीन हळूहळू स्वच्छ करायची, ही कल्पना चेनींनी १९८३ मध्येच मांडली होती. पण प्रत्यक्ष जमिनीवर करून बघायला पैसे कोण देणार? चिनला हा विषय वाचनात सापडला, तो चेनींकडे गेला आणि म्हणाला की हे शिल्पच आहे, फक्त दगडाऐवजी माती आणि छिन्नीऐवजी रोपटी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीच्या समितीने १० हजार डॉलर मंजूर केले, निधीच्या अध्यक्षांनी ते १९९० मध्ये नामंजूर केले (यात कला कुठाय, हाच आक्षेप), मग चिन स्वतः जाऊन भेटला, समजावलं, आणि पैसे परत मिळाले. १९९१ मध्ये मिनेसोटात सेंट पॉल शहराच्या पिग्ज आय नावाच्या कचराभूमीवर, जिथे मातीत कॅडमियम हा विषारी जड धातू होता, चौकोनी कुंपण, आत गोल, मधून फुलीसारख्या पायवाटा, असं लावणीचं काम सुरू झालं. तीन वर्षं चाललं. थ्लास्पी नावाच्या एका छोट्या रोपाने कॅडमियम आणि जस्त चांगलं ओढून दाखवलं आणि चेनींच्या हाती प्रत्यक्ष जमिनीवरचा डेटा आला.

इथे लक्षात घ्या, शास्त्रज्ञाला कलाकाराची गरज होती. पैसा अडला होता, जागा अडली होती, परवानगी अडली होती, आणि ती कोंडी कलाकाराने दुसऱ्या दाराने जाऊन फोडली. बघायला तिथे फारसं काही नव्हतं, कुंपण आणि तण, फोटोसुद्धा वरून काढला तरच कळतो. सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी सांभाळणाऱ्यांना, हे पटवणं अवघड, आधीच सांगतो.

पाणी साफ करणारी जागा

हे माझ्या जिव्हाळ्याचं. चीनमधल्या चेंगडू शहरात फू-नान नदीकाठी १९९८ मध्ये एक बाग झाली. कल्पना बेट्सी डेमन या अमेरिकन कलाकाराची, सोबत लँडस्केप आर्किटेक्ट मार्जी रुडिक आणि तिथलेच पाण्याचे तज्ज्ञ. डेमन यांनी त्याआधी १९९५ मध्ये तिथल्या कलाकारांना घेऊन नदीवरच जाहीर कार्यक्रम केले होते, म्हणजे आधी लोक, मग बांधकाम. बागेचा आकार माशासारखा. नदीचं पाणी वर घेतात, गाळ बसवतात, मग दगडी शिल्पांच्या पन्हाळ्यांतून उसळत नेतात म्हणजे हवा मिसळते, मग पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून, आणि शेवटी मुलं खेळतात तिथे.

आकडा मात्र बघा. सुमारे ६ एकर जागा आणि दिवसाला साधारण २०० घनमीटर पाणी. म्हणजे २ लाख लिटर, आपल्याकडच्या माणशी १३५ लिटरच्या हिशोबाने जेमतेम दीड हजार माणसांचं. मोठ्या एखाद्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारा प्लांट, एवढं काम तळघरात गपचूप करतो. त्यामुळे कुणी तुम्हाला सांगितलं की अशा बागेने नदी साफ होईल, तर हसून सोडून द्या. नदी साफ होत नाही, पाणी कसं साफ होतं ते लोकांना डोळ्यांनी दिसतं, आणि त्याची किंमत वेगळी आहे. एसटीपी बंद पडला तर सहा महिने कुणाला पत्ता नसतो, बागेतलं पाणी काळं झालं की संध्याकाळी फिरायला येणारे आजोबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर.

दुसरं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या व्हिंटनडेल या छोट्या खाणगावचं. कोळशाची खाण बंद पडली पण तिच्यातून आम्लयुक्त, नारिंगी पाणी ओढ्यात येत राहिलं. तिथे टी. ॲलन कॉम्प या इतिहासकाराने भूजलतज्ज्ञ रॉबर्ट डीसन, शिल्पकार स्टेसी लेव्ही आणि लँडस्केप आर्किटेक्ट ज्युली बार्गमन यांना एकत्र बसवलं, पहिल्या दिवसापासून, आणि ३५ एकरांवर तळ्यांची मालिका आखली, ज्यात पाणी वीज न वापरता एकातून दुसऱ्यात जात सुधारतं. दोन्ही बाजूंना झाडं अशी लावली की पानगळीच्या दिवसांत आम्ल पाण्याजवळ लाल रंग आणि सुधारलेल्या पाण्याकडे हिरवा, म्हणजे लिटमस पेपरच जमिनीवर पसरलेला. हे नंतर सुचून होत नाही, तळ्यांची जागा ठरतानाच झाडं ठरवावी लागतात. आपल्याकडे आर्टिस्टला फोन जातो तेव्हा डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर आराखडा, मंजूर झालेला असतो, तिथेच सगळं संपतं.

आपल्या जवळचं, छोटं आणि परवडणारं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या कलाकार नवजोत अल्ताफ यांनी छत्तीसगडमध्ये कोंडागावच्या आदिवासी कलाकारांसोबत केलेली नलपार नावाची कामं बघा. हातपंपाभोवतीची जागा. हंडा उचलून डोक्यावर घेताना मधे टेकवायला टप्पा, सांडलेल्या पाण्याला वाट, आणि हे सगळं शिल्पासारखं घडवलेलं. ज्या बायका पाणी भरतात त्यांच्या कंबरेचा विचार करून.

चौकात बर्फ

कलाकार ओलाफुर एलियासन आणि ग्रीनलंडचे भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग. ग्रीनलंडच्या खाडीत तुटून तरंगणारे बर्फाचे तुकडे उचलून २०१४ मध्ये कोपनहेगनला, २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला आणून उघड्यावर ठेवले. पॅरिसमध्ये १२ तुकडे, घड्याळासारखे गोल, मिळून ८० टन. लोक हात लावत होते, कान लावत होते, बर्फ वितळत होता. वाहतुकीमुळे झालेलं कार्बन उत्सर्जनही मोजून जाहीर केलं, ३० टनांच्या आसपास, हा प्रामाणिकपणा मला आवडला. पण हे काम चालतं कारण नाव एलियासनचं होतं आणि सगळ्या जगाचे कॅमेरे आधीच त्या शहरात होते. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर खर्च तेवढाच आणि बघायला तुमचेच व्हॉलंटियर.

मग घ्यायचं कुठलं

पैशाच्या बाजूने मुक्काम सगळ्यात स्वस्त, एक माणूस, एक खोली, थोडं साहित्य. प्रयोगालाही फार लागत नाही पण तीन-चार वर्षं जमीन अडकते आणि मातीच्या तपासण्यांचं बिल येत राहतं. बाग सगळ्यात महाग, आणि बांधण्यापेक्षा सांभाळायला महाग, कारण गाळ दर वर्षी काढावाच लागतो आणि आपल्याकडे उद्घाटनाला मंत्री येतात, गाळ काढायला कुणी येत नाही. बर्फासारख्या इव्हेंटचा खर्च एकदम होतो आणि एकदम संपतो.

रिस्क कुणाची, ते वेगळंच आहे. प्रयोग फसला तरी शास्त्रज्ञाला निष्कर्ष मिळतो, त्यामुळे तो तसा फसत नाही. बाग फसली तर पाच वर्षांनी तिथे डासांचं डबकं असतं आणि पुढच्या माणसाला पुन्हा परवानगी मिळत नाही, ही माझ्या मते चारातली सगळ्यात मोठी जोखीम, आणि तरी मला बागच आवडते, काय करणार. मुक्काम फसला तर एक माणूस काही महिने तुमच्या ऑफिसात चहा पिऊन गेला, इतकंच नुकसान.

म्हणून पहिल्यांदाच करत असाल, म्हणजे छोटी संस्था, पालिकेचा घनकचरा विभाग, एखादी कंपनी, तर मुक्काम घ्या. स्वतःची जमीन, पाण्याचा स्रोत आणि निदान दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला काढलेले असतील तरच बागेकडे वळा, आणि तेव्हा आर्टिस्ट सर्व्हेच्या टप्प्यावर पाहिजे. रिसर्चवाल्यांची एखादी चाचणी फंडिंगअभावी खरंच अडली असेल तर चिनचा रस्ता, पण नसेल तर ओढूनताणून नको, आर्टिस्टला सॅम्पल गोळा करणारा फुकट हेल्पर बनवलं जातं. इव्हेंट बहुतेकांनी विसरलेला बरा.

युकेलीस यांचं एक मात्र कॉपी करू नका, बिनपगारी हा शब्द. इंजिनिअर कन्सल्टंटला फी, मातीच्या लॅबला फी, आणि आर्टिस्टला एक्स्पोजर, हे चालणार नाही. करारात फी लिहा, साइटवर फिरायची आणि डेटा बघायची परवानगी लिहा, रिझल्ट वाईट आला तरी तो दाखवायचा हक्क लिहा, आणि बांधलेली गोष्ट असेल तर ती कोण सांभाळणार आणि कधी काढून टाकायची तेही लिहा. टेंडर काढून सगळ्यात कमी रकमेवाला आर्टिस्ट निवडायचा असेल तर मात्र परत खांबावरची पृथ्वीच मिळेल.

आणि नदीचं काम असेल तर मुक्काम मार्चमध्ये सुरू करून ऑक्टोबरपर्यंत ठेवा, म्हणजे त्या माणसाला मे महिन्यातली जलपर्णी आणि वासही बघायला मिळतो आणि जुलैतलं काठ सोडून आलेलं पाणीही. दिवाळीनंतर बोलावलंत तर नदी बरी दिसत असते, थंडी छान असते, आणि काम बहुतेक वेळा फोटोंपुरतंच होतं.