‘तुमचं ऑइलच उकळलं असणार, साहेब’

ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचे तीन आठवडे नेमकं हेच मला विसरायला लावायचा प्रयत्न चालला होता.

कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा ट्रॅक, २०२४ चा फेब्रुवारी. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि रोजची गाडी पंधरा-पंधरा मिनिटं मोकळेपणी पळवायची. माझी पोलो मी पुण्याहून चालवत नेली होती आणि तशीच चालवत परत आणणार होतो. पहिल्याच सेशनची चौथी फेरी. आधीच्या तीन फेऱ्यांत जिथे ब्रेक मारला होता, तिथेच मारला. पाय टेकला, पेडल नेहमीच्या जागी येऊन थांबलं, गाडी मात्र थांबायचं नाव घेईना. एवढा जोर लावला की पाठ सीटवरून उचलली गेली, आणि वळण त्याच वेगाने अंगावर येत होतं. गिअर खाली पाडत सरळ मातीत गेलो. बंपरची खालची पट्टी फाटली, बाकी काही झालं नाही. धूळ खाली बसल्यावर वास आला. जुना बॅकेलाइटचा स्विच जळाला की येतो, तसा. ब्रेकच्या पॅडमधलं, म्हणजे डिस्कला दाबून चाक थांबवणाऱ्या ठोकळ्यातलं, रेझिन बॅकेलाइटच्याच कुळातलं, हे मला नंतर कळलं.

आता हे पॅड आले कुठून ते सांगतो.

रस्त्यावर आणि ट्रॅकवर एकच गाडी चालवायची तर पॅड निवडणं ही कसरत असते. गाडीसोबत येणारे पॅड साधारण ३००-३५० अंशांपर्यंत नीट काम करतात, पुढे ढिले पडतात. निखळ रेसिंगचे पॅड ५००-६०० अंशांत खुशीत असतात, पण पावसाळी सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिला ब्रेक मारला तर नीट पकडत नाहीत, वर किंचाळतात आणि डिस्क खातात. मधली एक जात असते, ‘फास्ट रोड’ म्हणतात तिला. मला युरोपातल्या एका नामांकित कंपनीचे तसले पॅड हवे होते. अधिकृत वितरकाने पक्क्या बिलासकट साडेसोळा हजार सांगितले आणि वर सहा आठवडे थांबायला सांगितलं. मित्राच्या मित्राने एका दुकानाचा नंबर दिला. तिथे तोच डबा नऊ हजारांत, आणि हातात लगेच.

‘दुबईहून कंटेनरमध्ये येतो माल, म्हणून परवडतो,’ दुकानदार म्हणाला. ‘बिल पाहिजे असेल तर अठ्ठावीस टक्के वर लागतील. तुमची मर्जी.’ तेव्हा जीएसटी तेवढाच होता. मी मर्जी दाखवली. एका चिठ्ठीवर ‘डिस्क पॅड १ सेट ९०००’ असं लिहून मिळालं, शिक्का नाही की सही नाही. पैसे टाकताना फोनवर भलतंच नाव आलं. ‘भाच्याचं खातं आहे,’ म्हणाला. साडेसात हजार वाचल्याच्या आनंदात मला भाचाही चालला.

मला सावध करणारा एक माणूस होता. आमचे मिस्त्री. त्यांनी एका हातात गाडीचा जुना पॅड घेतला, दुसऱ्या हातात नवा, आणि भाजीवाल्यासारखे दोन्ही तोलून पाहिले. ‘साहेब, जुना घासून अर्धा झालाय, तरी जड तोच लागतोय.’ मग नव्याच्या कडेला अंगठ्याचं नख मारलं. काळी भुकटी टेबलावर पडली. मी त्यांना रेसिंग कंपाउंड, म्हणजे पॅडचं मिश्रण, वेगळा कसा असतो यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निमूट पॅड बसवले. ते व्याख्यान आठवलं की आजही मान खाली जाते.

दोन महिने काहीही झालं नाही. उलट पहिला ब्रेक झकास लागायचा. या फसवणुकीची खरी मेख तीच आहे. डुप्लिकेट पॅड शहरात बिनबोभाट चालतो, कारण सिग्नल ते सिग्नल चालवताना तो फारसा तापतच नाही. गिऱ्हाईक खूश असतं आणि आणखी दोघांना नंबर देतं. मीही दिला होता.

ट्रॅकवर हिशेब बदलतो. ११०० किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तिच्यात दोन लिटर गार पाण्याला उकळी येईल. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं; मागे तर माझ्या गाडीला ड्रम ब्रेकच आहेत. पुढचं वळण येतं ते काही सेकंदांत, आणि मग पुन्हा तेच.

पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत, चाकं काढली. चारही पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. आतल्या बाजूच्या एका पॅडचं मटेरिअल लोखंडी प्लेटपासून सुटलं होतं. त्या फटीत मी व्हिजिटिंग कार्ड घालून पाहिलं, अर्धं आत गेलं. बंगळूरच्या एका मुलाकडे त्याच गाडीचे कंपनीचे साधे पॅड जादा होते. ट्रॅकचे आणि रस्त्याचे पॅड तो वेगळेच ठेवतो आणि तिथेच अर्ध्या तासात बदलतो. त्याच्या पॅडवर मी घरी आलो. मला विचाराल तर वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने सरळ असंच करावं. दोन्हीकडे उत्तम चालेल असा एकच पॅड शोधण्याच्या हौसेवरच हे दुकानदार जगतात.

परत आल्यावर फोन केला. सगळं ऐकून दुकानदार अगदी आपुलकीने म्हणाला, ‘तुमचं ऑइलच उकळलं असणार, साहेब. डॉट ४ होतं ना? ट्रॅकला ५.१ लागतं.’

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते गळी उतरतं. डॉट ४ आणि ५.१ या ब्रेक ऑइलच्या प्रती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला चालतो. ५.१ साठी तेच आकडे २६० आणि १८० आहेत. मी जायच्या आठवडाभर आधी ऑइल बदलून, सगळी एअर काढून गेलो होतो. तरी दोन दिवस मला वाटत राहिलं की चूक माझीच. पुन्हा ऑइल बदललं, त्याचे आणखी पैसे गेले. मिस्त्रींनी शेवटी एकच प्रश्न विचारला, ‘पेडल खाली गेलं होतं का?’

नव्हतं गेलं. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजसारखं मऊ होऊन थेट तळाला टेकतं. पेडल कडक आहे आणि गाडी थांबत नाही, याचा अर्थ ऑइलने दाब नीट पोचवला, पुढे पॅडने पकडलं नाही. एवढा साधा फरक, आणि दुकानदाराने तो प्रश्न तीन आठवड्यांत एकदाही विचारला नाही.

दुसऱ्या फोनला म्हणाला, ‘बेडिंग केलं नसेल.’ बेडिंग म्हणजे नवा पॅड डिस्कवर बेताबेताने तापवून बसवून घेणं. तेही केलं होतं. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० वर, पूर्ण न थांबता, दहा वेळा, आणि मग गाडी गार होऊ दिली होती. नवा पॅड पहिल्यांदा कडक तापला की त्यातून वायू निघतात आणि पकड जाते हे खरं, पण बेडिंग करतात ते त्याचसाठी. तिसऱ्या फोनला म्हणाला, ट्रॅकवर वॉरंटी नसते. हे मात्र शंभर टक्के खरं. अस्सल पॅडलाही ती सहसा नसते.

मग मी डबा घेऊन बसलो, जे विकत घेतानाच करायला हवं होतं. युरोपातल्या रस्त्यावर चालणाऱ्या पॅडवर आर-९० या ब्रेक पॅडच्या नियमाखालच्या मंजुरीचं चिन्ह असतं, वर्तुळात ‘ई’ आणि शेजारी देशाचा आकडा. डब्यावर ई-११ होतं, म्हणजे ब्रिटन. प्लेटवर ई-४, म्हणजे नेदरलँड्स. एकाच पॅडची मंजुरी डब्यावर एका देशाची आणि प्लेटवर दुसऱ्याच देशाची! आयात मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या डब्यावर त्यातलं काहीच नव्हतं. खरवडायच्या पट्टीखालचा सुरक्षा क्रमांक होता, पण तो तपासायची वेबसाइट कंपनीची नव्हतीच, नावात एक अक्षर जास्त होतं. तिथे क्रमांक टाकला की हिरवी बरोबरची खूण यायची. मी आकडे उलटे टाकले, तरी हिरवी खूण. ज्याला मी नंबर दिला होता त्या मित्राला त्याचा डबा शोधायला लावलं. सुरक्षा क्रमांक तोच, आकड्याला आकडा.

ते पाहिलं त्या रात्री झोप लागली नाही. ट्रॅकवर निदान हेल्मेट होतं, पुढे मोकळी माती होती. जानेवारीत याच पॅडवर बायको आणि दोन्ही पोरींना घेऊन मी ताम्हिणी घाट उतरलो होतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नाही, पैसे भाच्याच्या खात्यात, चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही. दुकानदार सरळ म्हणाला, हे गिऱ्हाईक माझं नाहीच. अडीच हजार रुपयांच्या जीएसटीपेक्षा जास्त तर मी मुंबई-पुणे टोलवर घालवतो, पण तो वाचवायला गेलो आणि पुरावा गमावून बसलो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि खरेदीपासून नव्हे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे वकिलांनी सांगितलं. फोनवरचे मेसेज आणि पैसे भरल्याची नोंद जोडून तक्रार दिली.

नोटीस गेल्यावर दुकानदाराचा पुन्हा फोन. आवाज तोच, गोड. ‘साहेब, जाऊ द्या ना. माल परत आणून द्या, पाच हजार देतो.’ त्याला पैसे जड नव्हते, पॅड परत हवे होते. नाही दिले. दोन वकिलांकडे आहेत, दोन मिस्त्रींच्या टेबलावर. कोणी ‘स्वस्तात मिळतायत’ म्हणत आलं की मिस्त्री त्यातला एक त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘कडेला नख मारून बघा.’